साडेतीन एकर ऊस, दीड एकर द्राक्ष: मिनी ट्रॅक्टर घ्यावा की पन्नास एचपीचा?

सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरची सहा एकर जमीन. साडेतीन एकर ऊस, त्यातला दोन एकर पाच फुटी सरीत आणि बाकीचा साडेचार फुटीत. दीड एकर द्राक्ष, लागण ९ बाय ५ फुटांवर. उरलेल्या एकरात कधी सोयाबीन-हरभरा, कधी हळद. आजवर सगळं भाड्याने, वर्षाला साधारण साठ हजार जातात आणि त्यातला मोठा वाटा ब्लोअरचा, म्हणजे बागेत औषध फवारणाऱ्या पंख्याच्या यंत्राचा. आता दोघे भाऊ मिळून ट्रॅक्टर घेणार आहेत. शोरूमवाला म्हणतो, पन्नास एचपीचा फोर बाय फोर (चारही चाकं ओढणारा) घ्या. नांगरट, रोटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणं), ब्लोअर, भरणी (उसाच्या बुडाला माती लावणं) सगळं त्यावर होईल आणि हंगामात ऊस वाहतुकीतून हप्ता फिटेल. शेजारी म्हणतात, बागवाल्याने मिनीच घ्यावा. कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून तर तुमचा गोंधळ झालाय. पन्नासचा ट्रॅक्टर यातलं जवळजवळ प्रत्येक काम एकेकटं करून दाखवेल. अडचण ताकदीची नाही, तारखांची आहे. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. पोंग्यापासून (कोंब फुटायच्या वेळेपासून) मणी धरेपर्यंतचे दिवस डाऊनी या बुरशीच्या रोगाचे, त्यात परतीचा पाऊस. पाऊस थांबल्यावर फवारा काही तासांत गेला पाहिजे. उद्या सकाळी ब्लोअरवाला येईल म्हणून थांबलात तर घड हातचा जातो. आणि बरोबर याच सुमाराला, ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात, साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात. वाहतुकीला लावलेला ट्रॅक्टर तेव्हापासून मार्चपर्यंत फडात, रस्त्यावर नाहीतर काट्याच्या रांगेत असतो. रात्रभर रांगेत उभी असलेली गाडी पहाटे बागेत कशी येणार? ‘एकाच गाडीवर सगळं’ हे एचपीच्या हिशेबात बसतं, कॅलेंडरच्या हिशेबात बसत नाही.

म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: तुमच्या जमिनीला २४ ते २८ एचपीचा फोर बाय फोर मिनी घ्या, नांगरट आणि सरी भाड्यानेच करून घ्या, ऊस वाहतुकीचा विचार सोडा. जे काम चार दिवस मागेपुढे झालं तरी चालतं ते भाड्याने. जे काम त्याच दिवशी व्हायला हवं त्यासाठी स्वतःचा ट्रॅक्टर. नांगरट एप्रिल-मेमध्ये असते, तेव्हा गाड्या मोकळ्या असतात आणि आठवडाभर उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

आता पैशाची बाजू, कारण हप्ता त्यावरच ठरतो. तुमच्या सहा एकरांत मोठ्या ट्रॅक्टरला स्वतःचं काम किती? दरवर्षी नवी लागण आणि तो मोकळा एकर धरून अडीच एकर नांगरट: पाच तास. त्यावर रोटरच्या दोन पाळ्या: सहा तास. सरी सोडणं, खोडव्यात पाचट कुट्टी, शेणखताच्या खेपा सगळं मिळून पन्नास तासांच्या आसपास. मिनीला मात्र नुसत्या ब्लोअरचेच तेवढे तास आहेत, कारण दोन्ही छाटण्या मिळून फवारण्या चाळीसच्या वर सहज जातात. शिवाय उसातली आंतरमशागत. तरीही वर्षाला शंभर-सव्वाशे तासच. ट्रॅक्टर पैशाने परवडायचा तर तो वर्षाला पाचशे-सहाशे तास तरी चालावा लागतो. थोडक्यात, सहा एकरावर कोणताच ट्रॅक्टर निव्वळ भाडं वाचवून फिटत नाही. तुम्ही विकत घेताय ती वेळ. मग ती वेळ ज्या गाडीत कमी पैशात मिळते ती घ्यावी.

बागेत मिनी का, हे मोजून बघा. ९ फुटांच्या दोन ओळींत बोद (वेलीच्या बुडाचा मातीचा उंच वाफा) तीन फुटांचा धरला तर चाकाला सहा फूट उरतात. ४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी साडेपाच ते सहा फूट. म्हणजे तो जातो, पण चाक बोदाची कड कापत आणि ड्रिपची नळी दाबत जातं, आणि मडगार्ड दोन्हीकडच्या काड्या घासतं. मिनी साडेतीन-चार फुटांत बसतो. दुसरं म्हणजे वजन. मिनी आठशे ते हजार किलोचा, पन्नासचा दोन टनांच्या वर. पाऊस पडून गेलेल्या काळ्या रानात दोन टनांचं चाक दर आठवड्याला एकाच पट्ट्यातून गेलं की चाकोरीखालची माती दगड होते आणि द्राक्षाच्या पांढऱ्या मुळ्या त्या बाजूला जायच्या थांबतात. टू व्हील (फक्त मागची चाकं ओढणारा) मिनी स्वस्त पडतो, पण ओल्या काळ्या रानात भरलेला ब्लोअर मागे असला की तो जागेवर चाक फिरवतो. पावसानंतर आत शिरायचं हेच जर घेण्याचं कारण असेल, तर फोर बाय फोरवर काटकसर करू नका.

बागेसाठी आणखी एक गोष्ट बघा, जी माहितीपत्रकात कोणी वाचत नाही: सायलेन्सर. उभा सायलेन्सर मांडवाच्या तारांना आणि खाली आलेल्या फुटींना लागतो, गरम धूर पानं भाजतो. बागेच्या मॉडेलला तो खालून काढलेला असतो. मागची सुरक्षा कमान घडी होणारी हवी. आणि ती बागेतून बाहेर पडल्यावर परत उभी करायची, बांधावरून उतरताना मिनी उलटायला वेळ लागत नाही.

ब्लोअरचं गणित असं. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट; ९ फुटी ओळीत एकराला ४,८४० फूट, म्हणजे साधारण १,४७५ मीटर चालावं लागतं. ताशी ४ किलोमीटर वेगाने २२ मिनिटं, वळणं वेगळी. एकरी ३०० लिटर द्यायचं तर नोझलमधून मिनिटाला साडेतेरा लिटर गेलं पाहिजे. दीड एकराला ४५० लिटर, म्हणजे ६०० लिटरची टाकी एका भरण्यात पुरते. वेग मोजायला मीटरवर विसंबू नका: रानात २० मीटर आखून घ्या, पीटीओ (अवजाराला फिरण्याची ताकद देणारा मागचा दांडा) मिनिटाला ५४० फेऱ्यांवर ठेवून जो गियर ते अंतर १८ सेकंदांत पार करतो तो तुमचा गियर. पुष्कळ जण घाईत वरचा गियर टाकतात नाहीतर डिझेल वाचवायला आरपीएम उतरवतात. आरपीएम उतरला की पंपाचा दाब आणि पंख्याची हवा दोन्ही पडतात, पानाच्या मागे औषध पोचत नाही, आणि डाऊनी तर पानाच्या मागेच असते.

ओढायचा ब्लोअर घ्यायचा की लिफ्टवर टांगायचा, हे बांधाकडेच्या मोकळ्या जागेवर ठरतं. ओळीच्या टोकाला पंधरा फूट नसतील तर ६०० लिटरचा ओढायचा ब्लोअर वळत नाही; मग टांगता २०० लिटरचा बरा. मात्र लिफ्टचा आकडा नीट वाचा. मिनीला ७५० किलो लिफ्ट लिहिलेली असते ती खालच्या लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या, टोकाला. भरलेल्या टाकीचं वजन त्या टोकाच्या बरंच मागे पडतं, आणि जितकं मागे तितकी उचल कमी. शिवाय पुढची चाकं हलकी होऊन स्टेअरिंग धरत नाही. भारत सरकारच्या बुदनीच्या संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. त्या अहवालात लिंकच्या टोकाची उचल वेगळी आणि ६१० मिलिमीटर मागे धरलेली उचल वेगळी दिलेली असते. विक्रेत्याकडे तो अहवाल मागा. पीटीओवर खरी ताकद किती मिळते तेही त्यातच असतं. इंजिन २७ एचपीचं असलं तरी पीटीओला साधारण वीस-बावीसच हाती लागते, आणि पंखा, पंप, रोटर सगळं चालतं ते या दुसऱ्या आकड्यावर.

उसात काय होतं ते आता. ऊस सरीत असतो आणि मध्ये वरंबा. भरणीच्या वेळी ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून, वरंबा पोटाखाली घेऊन चालतो. म्हणून इथे दोन मापं महत्त्वाची: बाहेरची रुंदी आणि जमिनीपासूनची उंची. चाकांचं मधलं अंतर ९० सेंटिमीटर आणि टायर ८.३ इंची असेल तर बाहेरची रुंदी १११ सेंटिमीटर, साधारण ३.६ फूट. पाच फुटी सरीत दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच मिळतात, आरामात जातो. साडेचार फुटीत पाच-साडेपाच इंचच. तिथे फुटवे पसरायच्या आत, बाळभरणीपर्यंत (पहिली हलकी भरणी) चालेल, मोठ्या भरणीला टायर फुटवे मोडत जाईल. मागच्या चाकांच्या तबकड्या उलट्या करून अंतर कमी करता येतं का, ते मॉडेलप्रमाणे बदलतं. घ्यायच्या आधी टेप लावून मोजा. साडेतीन-चार फुटी सरीत मिनीचाही नाद नको, तिथे पॉवर टिलरच.

मोठ्या भरणीला आणखी एक अडतं. मिनीची पोटाखालची उंची फूटभराच्या आसपास असते. वरंबा ताठ आणि उंच ठेवला असेल तर तळ घासतो, चाकांवरचं वजन निघतं आणि फोर व्हील असूनही गाडी जागीच खोदते. उपाय सोपा आहे: आधी अरुंद रोटरने वरंब्याचा माथा फोडून चार इंच खाली आणा, खत टाका, मग भरणीचं अवजार घाला. कांडी सुटून ऊस कमरेच्या वर गेला की ट्रॅक्टर आत घालू नका. ऊस मोडतो. पुढच्या लागणीला साडेचार फुटी सरी पाच फुटी करा, हे मी ट्रॅक्टर न घेताही सांगितलं असतं.

मिनीने काय करायचं नाही तेही सांगायला हवं, कारण मिनी खराब होतात ते याच पायी. कृष्णाकाठच्या काळ्या रानात नांगरट करायची नाही. एक फाळी नांगर हलक्या रानात पाच-सहा इंच जाईल, काळ्यात चाक घसरेल आणि क्लच जळेल. रोटरला माझा ठोकताळा असा: मध्यम जमिनीत रुंदीच्या दर फुटाला ८ एचपी, भारी काळीत ९ ते १०. म्हणून मिनीला तीन फुटी, ४५ ला पाच फुटी, सहा फुटीला ५० च्या पुढचा. तीन फुटी रोटरने एकराला सव्वादोन तास लागतात, पाच फुटीने सत्तर मिनिटं. वेळ वाचवायला लोक २४ एचपीला चार फुटी रोटर लावतात. इंजिन दबतं, काळा धूर येतो, मग चालवणारा रोटर वर उचलून दोन-तीन इंचांवर पळवतो. वरून माती पिठासारखी दिसते आणि खाली पात्यांनी चोपलेला थर तयार होतो. पाणी त्या थरावर साचतं. क्षाराचा त्रास असलेल्या रानात तर हे मुद्दाम करू नये असं काम.

क्लच कोणता, हे विचारायला विसरू नका. सिंगल क्लच असेल तर पेडल दाबताच गाडीबरोबर पीटीओही थांबतो. ओळीच्या टोकाला प्रत्येक वेळी पंखा बंद-चालू होतो आणि शाफ्टला झटके बसतात. डबल क्लचमध्ये अर्धं पेडल दाबलं की फक्त गाडी थांबते. पीटीओला स्वतंत्र क्लच आणि हाताचा लिव्हर असेल तर उत्तमच. ओढायच्या ब्लोअरला वळताना शाफ्टचा कोन मोठा होतो; तीस अंशांच्या वर गेला की खडखड सुरू होते आणि क्रॉस (शाफ्टचा सांधा) तुटतो, म्हणून वळणावर पीटीओ बंद करता आला पाहिजे. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कवच आवाज करतं म्हणून काढून टाकू नका. टॉवेल, लुंगी, सदऱ्याची बाही, काहीही त्यात गुंतू शकतं.

आता पन्नासचा ट्रॅक्टर केव्हा घ्यावा? तुमची जमीन पंधरा-वीस एकर असती, बाग नसती, आणि वाहतुकीचा करार, दोन ट्रॉल्या आणि भरवशाचा ड्रायव्हर हातात असता, तर मी मिनीचं नावही काढलं नसतं. दोन फाळी पलटी नांगर, मल्चर (पाचट बारीक करणारा), सबसॉइलर (जमीन खोलवर फोडणारा) ही ४५ च्या वरचीच कामं. तिथेही फोर बाय फोर घ्यायचा की टू व्हील, हे चाक किती घसरतं त्यावर ठरवा. मागच्या टायरला खडूने खूण करा. अवजार वर उचलून रानातच चाकाच्या दहा फेऱ्यांचं अंतर मोजा, मग अवजार जमिनीत घालून पुन्हा दहा फेऱ्या. पहिल्यांदा ४० मीटर आणि दुसऱ्यांदा ३५ भरले तर घसरण साडेबारा टक्के. टू व्हीलला दहा ते पंधरा टक्के ठीक. वीसच्या वर गेली तर आधी टायरमध्ये पाणी भरा, व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, आणि शेतात मागची हवा १२ ते १४ पीएसआयवर आणा. त्यानेही भागलं नाही, तरच फोर व्हीलचे वरचे लाख-सव्वा लाख मोजा. फोर व्हील घेतलाच तर डांबरी रस्त्यावर पुढची चाकं जोडून चालवू नका. पुढचं चाक मागच्यापेक्षा किंचित जास्त वेगाने फिरेल असं बसवलेलं असतं. मातीत ते घसरून जुळवून घेतं, डांबरावर टायर आणि पुढचे गियर झिजतात. त्याच कारणाने पुढचे टायर बदलताना जोडीने आणि त्याच मापाचे घाला.

५० एचपीच्या अलीकडे थांबायचं की पलीकडे जायचं, याला आता आणखी एक कारण आहे. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम ४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्या इंजिनांत कॉमन रेल (मोठ्या दाबाने डिझेल देणारी व्यवस्था) आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असतो. चालायला चांगली, पण कॅनमधून आणलेल्या डिझेलात पाणी-कचरा गेला की इंजेक्टरचा खर्च मोठा, आणि गावातल्या मिस्त्रीला त्यात हात घालता येत नाही. ५० पर्यंतच्या गाड्यांत अजून जुन्या पद्धतीचा पंप मिळतो.

सांगली-सातारा शेजारी असले तरी उत्तर सगळीकडे सारखं नाही. जत, आटपाडी, माण, खटावच्या हलक्या मुरमाड मोठ्या तुकड्यांत ४० ते ४५ चा टू व्हील, फणपाळी आणि पेरणी यंत्र एवढ्यावर काम निघतं. तिथे फोर व्हीलचे पैसे वसूल होत नाहीत. पाटण, जावळी, शिराळ्याच्या भातखाचरांत चिखलणीला हलकी गाडी आणि लोखंडी केज व्हील लागतात, तिथे पाणी भरलेले जड टायर उलट रुततात. पुढच्या एक्सलचे सील मात्र दर हंगामाला तपासा, चिखलाचं पाणी तिथूनच आत जातं. कोरेगावकडे आल्याचे आणि वाईकडे हळदीचे गादीवाफे पाडायचे असतील तर चाकांचं अंतर वाफ्याच्या मापाशी जुळतं का, हाच पहिला प्रश्न.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. दोन-तीन कंपन्यांचे मिनी रानात मागवा, शोरूमच्या फरशीवर ठरवू नका. महिंद्राचा जीवो, कुबोटाचे निओस्टार, जॉन डिअरचा २८ एचपीचा अरुंद मॉडेल, असे पर्याय आहेत. मी नावावर भांडणार नाही, ज्याचा सर्व्हिसवाला छाटणीनंतरच्या दिवसांत फोन केल्यावर त्याच दिवशी येतो तो घ्या. प्रात्यक्षिक रान भिजवून, भरलेला ब्लोअर मागे लावून मागा. ओळीत शिरताना, टोकाला वळताना आणि बांध चढताना पुढचं चाक उचलतं का बघा. पाच फुटी उसात एक ओळ चालवून बघा.

अनुदान हवं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत पावती फाडू नका. आधी खरेदी केली की अनुदान जातं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर ‘सूट’ म्हणून तीच रक्कम कोणी दाखवत असेल तर करासहितचा आणि कराशिवायचा आकडा वेगवेगळा लिहून मागा.